एट हंड्रेडच्या मीटरमधला अंधार

२२ डिसेंबर २०२४, रविवार

काल रात्री वर्ध्याहून नागपूरला परत येताना बुटीबोरीच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले. बाजूच्या सीटवर बाबा होते. त्यांनी मोबाइलचा टॉर्च मीटरवर धरला, तेव्हा पेट्रोलचा काटा लाल पट्टीच्याही खाली टेकलेला दिसला. नशीब, पंप अर्ध्या किलोमीटरवर होता. तिथवर गाडी आली, पण बाबांचं बोलणं घरापर्यंत पुरलं. "दोन वर्षांपासून सांगून राहिलो तुला, मीटरचे दिवे पाहून घे. दिवसा काय, कुणीही गाडी चालवते."

गाडी १९९८ ची मारुती एट हंड्रेड. कार्बोरेटरवाली, पांढरी, एमएच-३१. बाबांनी नवी घेतली होती. २०१४ च्या जानेवारीत हे मॉडेल बनणंच बंद झालं, तरी आमच्याकडे ती रोज चालते. आजवर क्लचप्लेट दोनदा, रेडिएटर एकदा आणि २००९ मध्ये वीज बनवणारा अल्टरनेटर बदललाय. मीटरला मात्र सव्वीस वर्षांत कुणी हात लावलेला नाही.

आज संध्याकाळी अंधार पडल्यावर गाडी पोर्चमध्येच उभी ठेवून नीट पाहिलं. हेडलाइट लावले की मीटर उजळत नाही, नुसतं असल्यासारखं वाटतं. उजवीकडचे आकडे शेवाळलेल्या पाण्याखाली ठेवल्यासारखे. डावीकडचे तर नाहीतच. आणखी एक गंमत: दिवे चालू-बंद केले की पेट्रोलचा काटा किंचित सरकतो. का ते कळलं नाही, पण लिहून ठेवतो.

ठरवलं की मीटर काढायचं आणि आतले सगळे बल्ब एलईडी करायचे. एका रविवारचं काम.

२९ डिसेंबर, रविवार

काल सदरमधल्या एका दुकानातून एलईडीचे दहा बल्ब आणले, टी-१० मापाचे, पांढरे, मिळून साडेचारशे रुपयांचे. टी-१० मधला दहा म्हणजे बल्बच्या काचेचा दहा मिलिमीटर व्यास. या बल्बला पितळी टोपी नसते. काचेचं बूड चपटं असतं आणि दोन्ही बाजूंना तारा दुमडलेल्या असतात. दुकानदाराने विचारलं, "बर्फासारखा पांढरा देऊ की पिवळसर?" मी बर्फ म्हणालो. (हे पुढे निस्तरावं लागलं.)

आधी दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली. मीटरमागे चालू वायरींची गर्दी असते, एखादा उघडा टोक बॉडीला टेकला की फ्यूज जातो, आणि फ्यूजवर भागलं तर नशीब समजायचं. स्टिअरिंगवर जुना टॉवेल गुंडाळला, कारण मीटर बाहेर येताना तिथेच घासतं. ओडोमीटरचा आकडा लिहून घेतला.

चौकटीचे स्क्रू सहज निघाले. चौकट मात्र निघेना. सकाळी साडेसातची वेळ, पोर्चमध्ये हात गारठलेले, आणि सव्वीस उन्हाळे सोसलेलं प्लास्टिक. नागपूरच्या उन्हात डॅशबोर्डवर ठेवलेलं काहीही टिकत नाही, हे लहानपणापासून ठाऊक आहे. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ वर गेला होता, तेव्हाही ही गाडी उघड्यावरच उभी होती. जरा जोर लावला तर टक् असा आवाज आला आणि एक लॉक तुटलं. तिथेच थांबलो. घरात जाऊन हिचा केस वाळवायचा ड्रायर आणला, चौकटीवर पाच मिनिटं फिरवला. मग बाकीची लॉकं मऊ होऊन सुटली. हे काम जानेवारीच्या पहाटे करू नये, एप्रिलच्या दुपारी करावं. करायचंच असेल तर गाडी आधी दोन तास उन्हात उभी करावी.

खरी परीक्षा पुढे होती. मीटरचे स्क्रू काढले की ते पुढे झुकतं, पण बाहेर येत नाही. मागून स्पीडोमीटरची केबल त्याला धरून असते. आताच्या गाड्यांत वेगाची खबर वायरीने येते. या गाडीत गिअरबॉक्सपासून निघालेली पोलादी केबल थेट मीटरपर्यंत येते आणि आत एक चुंबक फिरवते. त्या चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. चुंबक वाटीला शिवत नाही, पण फिरताना तिला आपल्यासोबत ओढू पाहतो. वाटीला बारीक स्प्रिंग मागे खेचते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबते तिथे काटा. ओटो शुल्त्झे नावाच्या माणसाने १९०२ मध्ये बर्लिनला याचं पेटंट मागितलं होतं, आणि १९९८ ची आमची गाडी त्याच युक्तीवर चालते.

केबलचं लॉक मीटरच्या पाठीमागे, अगदी मधोमध. डोळ्यांना दिसत नाही, हातालाच शोधावं लागतं. डावा हात मनगटापर्यंत आत घातला. आधी वायरींचा जुडगा लागला, मग पत्र्याची धार (तिने करंगळीजवळ चीर पाडली), आणि मग गोल, खडबडीत प्लास्टिकची टोपी. तिच्या एका अंगाला नखाएवढी जीभ. ती दाबली की केबल सुटायला पाहिजे. दाबली, नाही सुटली. अर्धा तास मी जीभ दाबून केबल ओढत होतो. शेजारचा बारावीतला पोट्टा मदतीला आला होता, तो म्हणाला, "काका, ओढू नका, आधी आत ढकला ना." आत ढकललं, मग दाबलं, मग ओढलं. लोण्यातून सुरी निघावी तशी आली. पोट्ट्याला कुठून कळलं विचारलं तर म्हणाला, इंटरनेटच्या वायरीचं लॉक असंच असतं.

दोन कनेक्टर काढले. दोन्हींचे फोटो घेतले, एकाला पांढऱ्या चिकटपट्टीची खूण. मीटर हातात आलं तेव्हा साडेअकरा झाले होते.

मागची बाजू पाहून छातीत धस्स झालं. पाठीवर एक पातळ, लवचिक पट्टी पसरलेली आहे, एक्स-रेच्या फिल्मसारखी, आणि तिच्यात तांब्याच्या रेघा. सगळा करंट त्यांतूनच फिरतो. बल्बचे होल्डर या पट्टीवर बसतात, पाव फेरा उलटा फिरवला की बाहेर. पहिला बल्ब काढून उजेडात धरला. काच आतून काळपट चंदेरी झालेली, जवळजवळ आरशासारखी. फिलॅमेंटमधलं टंगस्टन वर्षानुवर्षं उडून काचेवर बसतं, त्याचा हा थर. पलीकडचं काही दिसत नव्हतं. बुडाशी १२ व्होल्ट, ३.४ वॉट असं पुसट छापलेलं. दुसराही तसाच. डावीकडचा तिसरा तर केव्हाच गेलेला.

मला वाटलं, रोग सापडला.

एलईडी बसवले. एलईडीला दिशा असते, उलटा बसला तर पेटत नाही. घाबरायचं कारण नाही, काढून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवायचा. दहातले चार मी उलटे बसवले होते. मीटर परत जोडायच्या आधी नुसता कनेक्टर लावून, बॅटरी जोडून एकदा पेटवून पाहिलं, म्हणून वाचलो. डायलचे तीन, सूचनांचे सहा, ब्लोअरच्या पॅनलमागचा एक, सगळे बदलले. उरलेच नाहीत.

५ जानेवारी २०२५, रविवार

रात्री अंबाझरीच्या बाजूने एक चक्कर मारली. गेल्या आठवड्यात दिवसाउजेडी भारी वाटलेलं काम रात्री असं दिसलं:

डायलवर उजेडाचे तीन गोळे. चाळीस आणि साठच्या मध्ये लखलखाट, शंभरच्या पुढे अंधार. जुना फिलॅमेंटचा बल्ब चहूबाजूंनी उजेड फेकतो. एलईडी नाकासमोर फेकतो, टॉर्चच्या झोतासारखा. मूळचा हिरवट रंग गेला आणि एक निळसर, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरसारखा रंग आला. या गाडीत मीटरचा उजेड कमी-जास्त करायचं बटण नाही, त्यामुळे जेवढा आहे तेवढा सहन करायचा. समोरच्या काचेत मीटरचं प्रतिबिंब पडतं ते वेगळंच. आणि अप्पर लावला की निळा दिवा असा डोळ्यांत घुसतो की अप्पर लावून जेवढं जास्त दिसायला पाहिजे तेवढंच कमी दिसतं.

बाबा मागच्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आलेत. ते दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "मीटर आहे का लग्नाचा स्टेज?"

रस्ता अंधारा असला की डोळ्याची बाहुली मोठी होते. तेव्हा जवळ असा पांढरा उजेड असला की ती पुन्हा आकसते आणि रस्ता आणखी काळा होतो. हे मला शाळेत शिकवलं होतं. साडेचारशे रुपये देताना आठवलं नाही.

७ जानेवारी

सकाळी सेल्फ जरा जड फिरला. थंडी आहे, दुसरं काय.

सुरू केल्यावर बॅटरीचा लाल दिवा तसाच पेटलेला राहतो, जरा रेस दिली की विझतो. एलईडी थोड्याशा करंटवरही पेटतो म्हणे, त्यामुळे असेल.

९ जानेवारी, गुरुवार

थंडी नव्हती.

संध्याकाळी बाबा गोकुळपेठ मार्केटला भाजीला गेले होते. सलग तिसरी संध्याकाळ. परत निघताना गाडी चालूच होईना. सेल्फने नुसतं कट् केलं. तिथल्या दोन पोट्ट्यांनी धक्का मारला, बाबांनी सेकंडमध्ये क्लच सोडला, गाडी चालू झाली. घरी आल्यावर काही बोलले नाहीत. कोथिंबिरीची जुडी टेबलावर ठेवली आणि किल्ली माझ्यासमोर.

व्होल्टेज मोजायला मल्टिमीटर लावला. गाडी बंद असताना बॅटरी ११.९ व्होल्ट. सुरू करून मंद चालू ठेवली तरी ११.८, आणि लाल दिवा पेटलेला. म्हणजे चार्जिंग शून्य. एकदा जोरात रेस दिली: दिवा विझला, मल्टिमीटरवर १४.१. मग रेस सोडली तरी १४ वरच. गाडी बंद करून परत सुरू केली, पुन्हा ११.८.

बाबा गाडी अशी चालवतात की मागच्या सीटवर दुधाचं भांडं ठेवलं तर हिंदकळणार नाही. त्यांनी जन्मात कधी रेस दिली नसेल. त्यात हेडलाइट चालू, आणि तीन दिवस बॅटरी नुसती रिकामी होत राहिली.

११ जानेवारी, शनिवार

प्रतापनगरच्या बाजूला एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, वय साठच्या पुढे, हातात कायम टेस्ट लॅम्प. गाडी नेली. बॉनेट न उघडताच त्यांनी आधी आत डोकावून मीटर पाहिलं.

"भाऊ, मीटरचे बल्ब बदलवले काय?"

"हाव."

"सारेच?"

"सारेच."

"बॅटरीच्या दिव्याचाबी?"

"तोबी."

"मंग चार्जिंग कसं होईन?" त्यांनी हसून पान थुंकलं. "तो दिवा नाही, तो कामाचा माणूस आहे."

मग त्यांनी बॉनेटवर बोटाने नकाशा काढत समजावलं. सायकलच्या डायनमोत चुंबक असतं, तो फिरवला की वीज येते. गाडीच्या अल्टरनेटरच्या आत कायमचं चुंबक नसतं. तारेचं वेटोळं असतं, त्याला वीज दिली की ते चुंबक होतं. म्हणजे वीज बनवायला आधी थोडी वीज पाहिजे. ती द्यायची कुणी? बॅटरीने. आणि आमच्या गाडीत ती बॅटरीपासून किल्लीतून, किल्लीतून मीटरमधल्या त्या लाल दिव्यात आणि दिव्यातून अल्टरनेटरला जाते. जुना बल्ब तीन वॉटच्या आसपासचा, म्हणजे साधारण पाव अँपिअर सोडतो. तेवढ्यात वेटोळं जागं होतं. एलईडी त्याच्या दहाव्या हिश्शाइतकंही सोडत नाही. मग अल्टरनेटर झोपलेलाच. जोरात रेस दिली की लोखंडात उरलेल्या थोड्याशा चुंबकत्वावर तो कसाबसा उठतो, आणि उठला की मग स्वतःचं स्वतः पाहतो.

"आणि दिवा विझतो कसा?" मी विचारलं. इतकी वर्षं मला वाटायचं की कुणीतरी आतून तो बंद करतं.

"विझवत नाही कोणी. इकून बॅटरीचे बारा-तेरा, तिकून अल्टरनेटरचे तेवढेच. दोन्हीकून सारखा दाब आला तर पाणी कुठं वाहीन?"

यानंतर मी थोडा वेळ नुसता उभा राहिलो. सव्वीस वर्षं तो दिवा रोज किल्ली फिरवली की पेटायचा आणि विझायचा, आणि मी त्याला सूचनाफलक समजत होतो.

मी विचारलं की कंपनीच्या मूळ अल्टरनेटरलाही असंच होतं का. त्यांनी हात झटकला. "ओरिजनलचं सोडा. हा बदलवलेला आहे, याले मांगं एकच बारीक वायर येते. ज्याच्यात दोन-तीन येतात त्याचं निराळं असू शकते. आपल्या गाडीचं आपण पाहावं."

पैसे विचारले तर नाही म्हणाले. बॅटरी रात्रभर त्यांच्याकडे चार्जिंगला ठेवली, त्याचे शंभर घेतले.

१२ जानेवारी, रविवार

मीटर दुसऱ्यांदा काढलं. या वेळी बावीस मिनिटं. केबल आधी ढकलली.

बॅटरीच्या दिव्याला फिलॅमेंटचा नवा बल्ब, बारा रुपयांचा. कनेक्टर लावून गाडी चालू केली. रेस न देता दिवा विझला, बॅटरीवर १४.१. इथवर ठीक.

मीटर उघडलंच आहे तर म्हटलं डायललाही नवे फिलॅमेंटचे बल्ब लावून पाहू, बाबांचा स्टेज तरी उतरेल. काच नवी, लख्ख. लावले. पेटवले. आणि डायल जवळजवळ तेवढाच मंद! म्हणजे काळ्या काचा हा रोगाचा एकच भाग होता.

होल्डरवर मल्टिमीटर धरला. बॅटरीवर १२.४ होते. बल्बवर ९.८.

अडीचेक व्होल्ट वाटेत कुठे गेले? लाल पिन बल्बच्या येणाऱ्या बाजूला ठेवून काळी बॉडीच्या पत्र्याला लावली: १२.२. म्हणजे येणारी वाट बरी. मग लाल पिन बल्बच्या अर्थच्या, म्हणजे करंट परत जातो त्या बाजूला, काळी बॉडीलाच. तिथे शून्य पाहिजे. आले २.४. बल्बमधून बाहेर पडलेला करंट बॉडीपर्यंत पोचायला धापा टाकत होता.

अर्थची वायर शोधायला पाऊण तास लागला. डॅशखाली, पत्र्याला एका बोल्टने दाबलेली गोल कडी. बोल्ट सोडवला तर कडीखाली हिरवट-काळा थर, पत्र्यावर गंज. पावसाळ्यात कधीतरी पाणी झिरपलं असणार. काचकागदाने कडी आणि पत्रा दोन्ही घासले, पितळ चमकेपर्यंत. बोल्ट घट्ट केला, वरून व्हॅसलिनचं बोट फिरवलं.

बल्बवर १२.१.

आणि डायल पेटला. पेटला म्हणजे काय, घरातून ही बाहेर आली की काय झालं म्हणून. फिलॅमेंटच्या बल्बचा हिशेब सरळ नसतो. व्होल्टेज पाचव्या हिश्श्याने पडला तर उजेड पाचव्या हिश्श्याने कमी होत नाही, निम्म्यावर येतो. तार जरा थंड झाली की तिचा उजेड लाल होतो आणि कोसळतो.

मग एलईडीने हे आधी का दाखवलं नाही? कारण त्याला करंटच इतका कमी लागतो की गंजलेल्या वाटेतूनही तो आरामात जातो. मी रोगावर झगझगीत चादर टाकली होती.

दिवे चालू-बंद केले. पेट्रोलचा काटा हलला नाही. त्याचीही अर्थची वायर तीच होती. पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं होतं, वाचलं असतं तर तीन आठवडे वाचले असते.

मीटर आज परत लावलं नाही, घरात आणलं. आतला पांढरा डबा खराब दिसतोय.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काम नाही. पोट्टा सकाळपासून गच्चीवर, "ओ काट" सोडून दुसरा शब्द नाही. बाबांनी गाडी नाही म्हणून स्कूटर काढायचं म्हटलं, तर आईने गळ्याला मफलर दोनदा गुंडाळायला लावला. थंडीसाठी नाही, मांजासाठी. बंदी असली तरी नायलॉन मांजा दर वर्षी कुणाचा तरी गळा कापतोच.

१६ जानेवारी, गुरुवार

मीटर चार दिवस जेवणाच्या टेबलावर होतं. आज हिचं हळदीकुंकू. "ते तुमचं यंत्र उचला, बायका येऊन राहिल्या." उचलून बेडरूममध्ये नेलं आणि तिथेच उघडलं.

पुढची काच काढली. काट्यांना हात लावायचा नाही, हे पक्कं. काटा उचलून पुन्हा बसवला की वेग खोटा दाखवतो आणि मग बरोबर कुठे होता ते कधीच कळत नाही. धूळ रबरी फुग्याने उडवली.

बल्बचा उजेड थेट डायलवर जात नाही. तो आधी मागच्या पांढऱ्या डब्यात आपटतो, पसरतो, हिरवट फिल्ममधून गाळला जातो आणि मग आकड्यांपर्यंत येतो. डबा जितका पांढरा तितका उजेड परत फिरतो. आमचा डबा जुन्या दातांच्या रंगाचा झाला होता आणि प्रत्येक बल्बच्या डोक्यावर तपकिरी डाग, चपातीला पडतो तसा. बिनचमकीच्या पांढऱ्या स्प्रेचे दोन पातळ हात दिले. फिल्म आधी काढून वहीच्या पानांत ठेवली होती.

इथे एक घोळ केला. डबा वेगळा करताना ती लवचिक पट्टी एका खिळीवर अडकली आणि काठाला दीड सेंटिमीटर फाटली. दोन रेघा तुटल्या. बाहेर बायका "ऊस खा, बोरं खा" करून राहिल्या होत्या आणि मी आत डोक्याला हात लावून.

पट्टीवर थेट कथिलाचा डाग दिला तर प्लास्टिक वितळतं. वायरीतली केसासारखी एकच तार घेतली, ब्लेडने रेघेवरचा लाखेचा थर हलके खरवडला, तांबं गुलाबी दिसेपर्यंत. सोल्डरिंग गन तापवली, टोकावर कथील घेतलं आणि एक-दोन म्हणेपर्यंत टेकवून उचललं. पहिल्या रेघेवर प्लास्टिक जरा फुगलं. दुसरी नीट बसली. मल्टिमीटरने दोन्ही वाजवून पाहिल्या (रेघ अखंड असली की तो बीप करतो), वाजतात. वरून पातळ चिकटपट्टी.

हिने दार उघडून तिळगुळाची वाटी आत सरकवली. "वास कशाचा येऊन राहिला?" म्हणाली. कथिलाचा.

१९ जानेवारी, रविवार

गाडी सकाळी नऊ ते अकरा उन्हात उभी केली, मग काम सुरू केलं. एकही लॉक तुटलं नाही. २९ तारखेला तुटलेलं चिकटवलं, पण ते धरणार नाही, माहीत आहे. त्या जागी फोमची एक पट्टी दाबली, खडखड होऊ नये म्हणून.

डायलचे तीनही बल्ब फिलॅमेंटचे ठेवले. पोट्ट्याला पटलं नाही. "काका, एवढं करून परत जुनाच बल्ब?" मी त्याला शेजारी शेजारी दोन्ही दाखवले. नव्या पांढऱ्या डब्यात, पूर्ण बारा व्होल्टवर, फिलॅमेंटचा उजेड आकड्यांच्या कडेकडेपर्यंत पसरतो. एलईडीचे गोळे मात्र तसेच. घुमटासारख्या टोपीचे, बाजूने उजेड फेकणारे एलईडी मिळतात, पिवळसरही मिळतात, ते आणून बसले असते. मी आणणार नाही. बारा रुपयांचा बल्ब वीस वर्षं टिकतो हे माझ्यासमोर आहे.

सूचनांचे दिवेही फिलॅमेंटवरच आणले. अप्परचा निळा, इंडिकेटरचे बाण, सगळे. एकच एलईडी ठेवला, ब्लोअरच्या पॅनलमागचा. तिथला बल्ब बदलायला जवळजवळ अर्धा डॅश खोलावा लागतो, आणि मला तिथे पुन्हा हात घालायचा नाही.

जाता जाता केबलही पाहिली. चाळीसच्या आसपास काटा थरथरायचा, त्याचं कारण कोरडी केबल. आतली तार ओढून काढली, पुसली, पातळ ग्रीसचा हात दिला. वरची शेवटची वीतभर कोरडीच ठेवली, नाहीतर फिरता फिरता ग्रीस वर चढून मीटरच्या वाटीत जातं. बसवताना केबलचं चौकोनी टोक मीटरच्या भोकात बसलं की नाही ते चाक फिरवून पाहिलं. बसलं नव्हतं. पुन्हा काढून बसवलं.

खर्च: एलईडी ४५०, फिलॅमेंटचे बल्ब १२०, स्प्रे १८०, बॅटरी चार्जिंग १००. दुरुस्ती कशाने झाली म्हणाल तर काचकागदाच्या एका तुकड्याने, जो घरातच होता.

२५ जानेवारी, शनिवार

रात्री आठला निघालो, बाबा चालवत होते. वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन परत. मुद्दाम त्याच पंपापर्यंत.

शहराचे दिवे संपल्यावर मीटर नीट दिसायला लागलं. हिरवट, मऊ, सारखं. शंभर, एकशेवीससुद्धा दिसतात, जिथे ही गाडी जाणार नाही. काचेत प्रतिबिंब नाही. काटा चाळीसला थरथरत नाही. पेट्रोल अर्ध्याला जरा कमी, आणि दिवे लावा की बंद करा, तिथेच. घरून निघताना किल्ली फिरवली तेव्हा लाल दिवा पेटला, इंजिन धरताच विझला. मी त्याच्याकडे पाहत होतो हे बाबांच्या लक्षात आलं नाही.

पंपावर हवा भरली. परतताना जामठ्याच्या जवळ बाबा म्हणाले, "नवी घेतली तेव्हा असंच दिसत होतं." मग थोड्या वेळाने, "ब्लोअरचा दिवा तेवढा फार पांढरा आहे रे."

त्याच्यावर आतून हिरव्या जिलेटिनचा तुकडा लावता येईल. बर्डीवर स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. अर्धा डॅश मात्र खोलावा लागेल.